काझी अझीझुल हक : दहा बोटांचे गणित

बोटांच्या ठशांवरून माणसाची ओळख पटविण्याची पद्धती विसाव्या शतकात जवळजवळ सर्व इंग्रजीभाषक देशांतील पोलीस खात्यांत ज्या नावाने शिकविली गेली, ते नाव सर एडवर्ड हेन्री यांचे होते. ‘हेन्री पद्धती’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला की, ती पद्धती लंडनमध्ये नव्हे तर कलकत्त्यात जन्मास आली आणि तिच्या केंद्रस्थानी असलेले गणित एका बंगाली तरुण उपनिरीक्षकाने मांडले, ही गोष्ट दीर्घकाळ केवळ सरकारी पत्रव्यवहारातच राहिली. हा उपनिरीक्षक म्हणजे खानबहादुर काझी अझीझुल हक. त्यांचे चरित्र वस्तुतः फार मोठे नाही. त्यात परदेशगमन नाही, सभासंमेलने नाहीत, ग्रंथरचनेचा विस्तार नाही. तथापि एका अपूर्णांकाने जगातील लक्षावधी माणसांच्या आयुष्याला स्पर्श केला आणि त्या अपूर्णांकाचा कर्ता अपूर्णांकाच्या नावातून गळून गेला, एवढ्यानेही हे चरित्र विचारात घेण्याजोगे ठरते.

हक यांचा जन्म १८७२ साली खुलना जिल्ह्यातील पैग्राम कसबा या गावी झाला. आज हे गाव बांगलादेशात आहे. नद्यांनी आणि खाड्यांनी विणलेल्या त्या प्रदेशात होडी हेच वाहन. होडीच्याच अपघातात त्यांचे आईवडील गेले आणि मुलगा थोरल्या भावाच्या आश्रयास आला. घरची ओढाताण आणि मुलाची दांडगी भूक यांचा मेळ बसत नव्हता. भावाच्या वाटणीचे अन्न खाल्ल्याबद्दल एके दिवशी मार बसला आणि बारा वर्षांचा अझीझुल घर सोडून कलकत्त्यास निघून गेला, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. अशा कौटुंबिक आठवणींत कालांतराने थोडी भर पडते हे खरे. परंतु बाराव्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि कलकत्त्यातील एका कुटुंबाने या मुलाचे हिशेबातील कौशल्य पाहून त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली, एवढा भाग सर्वत्र एकसारखाच येतो. पुढे ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित व विज्ञान यांचे विद्यार्थी झाले. पळून आलेल्या मुलाला प्रेसिडेन्सीपर्यंत पोहोचविणारी ही वाट गणिताने बांधलेली होती, आणि पुढेही त्यांच्या आयुष्यात जे काही घडले ते गणितानेच घडविले.

त्या वेळी बंगालच्या पोलीस खात्यापुढे जो प्रश्न होता तो मुळात शोधाचा होता. एखादा इसम चोरीच्या आरोपाखाली पकडला जातो, नाव खोटे सांगतो, गाव खोटे सांगतो. त्याला पूर्वी शिक्षा झाली आहे काय, हे कसे कळावे? शिक्षा झालेल्यांची नोंद नावावार ठेवली तर खोट्या नावाने ती निरुपयोगी होते. म्हणजे नोंद अशा खुणेवर आधारलेली हवी की जी माणसाला बदलता येत नाही. आणि त्या खुणेला असा क्रम हवा की हजारो नोंदींतून नेमकी एक काही मिनिटांत हाती यावी. पहिली अट पुरी करणे तुलनेने सोपे होते. दुसरीने सर्वांना घाम फोडला.

पॅरिसमधील अल्फोन्स बर्तियाँ यांनी शरीराच्या अवयवांची मापे घेऊन नोंदी ठेवण्याची पद्धती प्रचारात आणली होती. डोक्याची लांबी, मधल्या बोटाची लांबी, पावलाचे माप अशी अकरा मापे तीत असत. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड रिचर्ड हेन्री यांनी तिचे थोडे सुटसुटीत रूप १८९२ च्या सुमारास आपल्या प्रांतात सुरू केले. मापे सहावर आणली, तरी अडचण राहिलीच. एका ठाण्यातील शिपाई पट्टी घट्ट धरतो, दुसरा सैल. आणि मापात थोडा फरक पडला की नोंद भलत्याच कप्प्यात जाऊन पडते. मग शोधणाऱ्याला शेजारचे कप्पेही धुंडाळावे लागत.

ठशांचा विचार त्यापूर्वीच बंगालात रुजला होता. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीच्या करारावर हाताचा ठसा घेतला होता. लेखी कागदावर सहीऐवजी अंगठा उठविण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ ही अक्षरे खरेदीखतांवर किती पिढ्यांनी पाहिली असतील. परंतु ती निशाणी संमतीची असे. एका ठशावरून दहा हजारांतला एक माणूस हुडकून काढणे ही निराळीच गोष्ट होय. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ च्या आपल्या ग्रंथात ठसे जन्मभर बदलत नाहीत आणि दोन बोटांचे ठसे जुळण्याची शक्यता ६४ अब्जांत एक इतकी क्षुल्लक आहे, असे प्रतिपादन केले. त्यांनी ठशांचे तीन वर्गही पाडले. आपल्या सामुद्रिकात ज्यांना चक्र आणि शंख म्हणतात ते दोन, आणि तिसरी कमान. लहान मुले एकमेकांची बोटे उलटी करून चक्रे किती आणि शंख किती हे मोजतात, तोच हा भेद.

गाल्टन यांनी दहा बोटांची दहा अक्षरे लावून त्यांच्या याद्या केल्या. पण बहुसंख्य बोटांवर शंखच असतात. त्यामुळे काही याद्यांत गर्दी उसळे आणि काही ओस पडत. लंडनमध्ये १८९३–९४ साली नेमलेल्या ट्रूप समितीने गाल्टन यांच्या प्रयोगशाळेला भेट देऊन हेच मत नोंदविले की, ओळख पटविण्यास ठसे उत्तम, परंतु मोठा संग्रह लावण्यास ही वर्गवारी अपुरी आहे. तेव्हा तेथे मापे मुख्य आणि ठसे पूरक असा तडजोडीचा मार्ग निघाला. हेन्री १८९४ मध्ये रजेवर इंग्लंडला गेले असता गाल्टन यांना भेटले आणि परतताना तोच न सुटलेला प्रश्न बरोबर घेऊन आले.

तोपर्यंत हक त्यांच्या हाताखाली रुजू झालेले होते. संख्याशास्त्राची जाण असलेला एखादा विद्यार्थी सुचवावा असे हेन्री यांनी १८९२ साली प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांना लिहिले आणि प्राचार्यांनी हक यांचे नाव पुढे केले. त्यांना उपनिरीक्षकाची जागा मिळाली. काम मिळाले ते मात्र शरीरमापनाची पद्धती बंगालात बसविण्याचे. नव्या नोकरीतील तरुणाने दिलेले काम मुकाट्याने करीत राहावे, अशी अपेक्षा असते. हक यांना मापांच्या चुकांचा उबग आला आणि ते ठशांच्या वर्गवारीकडे वळले. याच कार्यालयात हेमचंद्र बोस हे दुसरे बंगाली सहकारी होते. बोस यांचा कल वर्गांचे उपवर्ग पाडण्याकडे व ठशांचे वर्णन सांकेतिक भाषेत बांधण्याकडे होता. ठसे तारेने कळविण्याची त्यांची संकेतपद्धती पुढे प्रसिद्ध झाली. दोघांच्या कामाची सरमिसळ करणे बोस यांच्यावरही अन्याय करणारे ठरेल.

हक यांची युक्ती थोडी सविस्तर पाहणे अगत्याचे आहे, कारण तिचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. गाल्टन यांचे तीन वर्ग त्यांनी पहिल्या पायरीवर बाजूस ठेवले आणि प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारला : चक्र आहे की नाही? शंख आणि कमान दोन्ही ‘नाही’ मध्ये. दहा बोटांना दहा प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे. म्हणजे दोनचा दहावा घात, १,०२४ शक्यता. ३२ आडव्या आणि ३२ उभ्या ओळींचे कपाट केले की प्रत्येक शक्यतेला एक खण मिळतो.

आता खण कोणता हे कसे ठरवावे? दहा बोटांच्या पाच जोड्या लावाव्या. उजवा अंगठा आणि उजवी तर्जनी ही पहिली; उजवी मध्यमा व अनामिका ही दुसरी; उजवी करंगळी व डावा अंगठा ही तिसरी; डावी तर्जनी व मध्यमा ही चौथी; डावी अनामिका व करंगळी ही पाचवी. पहिल्या जोडीतील चक्राला १६ गुण, दुसरीतील चक्राला ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तेथे शून्य. प्रत्येक जोडीतील दुसऱ्या बोटांचे गुण मिळवून त्यांत एक मिळविला की अंश होतो, पहिल्या बोटांचे गुण मिळवून त्यांत एक मिळविला की छेद. समजा, एखाद्या इसमाच्या उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या तर्जनीवर चक्र आहे. अंगठ्याचे १६ आणि तर्जनीचे २ मिळून १८, त्यांत एक घालून छेद १९. अनामिकेचे ८, त्यांत एक घालून अंश ९. या इसमाची चिठ्ठी नऊ छेद एकोणीसच्या खणात. तो नाव काहीही सांगो, त्याची बोटे हाच आकडा सांगतील. एक मिळविण्याचे कारण एवढेच की, चक्र मुळीच नसलेल्या माणसाचा अपूर्णांक शून्य छेद शून्य होऊ नये. कपाटाला शून्यावा खण नसतो.

१६, ८, ४, २, १ ही श्रेणी यादृच्छिक नाही. या पाच संख्यांतून कोणत्याही निवडल्या तरी प्रत्येक निवडीची बेरीज वेगळी येते आणि शून्यापासून ३१ पर्यंतची एकही संख्या सुटत नाही. ज्याला आज संगणकाच्या संदर्भात द्विमान अंकपद्धती म्हणतात तीच ही. ‘होय’ आणि ‘नाही’ यांचे दहा अंक दोन हातांवर लिहिलेले. ठाण्यातील कारकुनाला हे तत्त्व ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याला फक्त चक्र ओळखता यावे आणि बेरीज यावी.

१८९७ पर्यंत हक यांच्या कपाटात सुमारे ७,००० व्यक्तींच्या ठशांच्या चिठ्ठ्या जमल्या होत्या. सर्व खणांत त्या सारख्या पसरल्या असत्या तर एका खणात सातच आल्या असत्या. प्रत्यक्षात असे होत नाही. चक्र नसणाऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे एक छेद एकचा खण भरून वाहतो. दहाही बोटांवर चक्रे असणाऱ्यांचा बत्तीस छेद बत्तीस हाही तसाच दाटतो. यासाठी पुढची पायरी आवश्यक होती. शंखाच्या गाभ्यापासून त्याच्या त्रिकोणी संगमापर्यंत किती रेषा येतात त्या मोजायच्या. चक्रात डाव्या संगमातून निघालेली रेषा उजव्या संगमाच्या आतून जाते, बाहेरून जाते की त्याला येऊन मिळते ते पाहायचे. अशा उपवर्गांनी गर्दीचे खणही लहान लहान गठ्ठ्यांत विभागले गेले. शरीरमापनात एका कैद्याची नोंद करण्यास किंवा जुनी नोंद शोधण्यास सुमारे तासभर लागे. हक यांच्या कपाटात ते काम पाच मिनिटांवर आले.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १९६० नंतर अमेरिकेत ठशांचे वर्गीकरण यंत्राकरवी करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता की सगळा साठा न चाळता शोध कसा घ्यावा. यंत्राला रेषांच्या दिशा ओळखण्यास शिकविण्यात आले. गाभा कोठे आणि संगम कोठे हे त्याने शोधावे आणि ठसा डावा शंख, उजवा शंख, चक्र, साधी कमान किंवा तंबूसारखी उभी कमान यांपैकी एका वर्गात टाकावा. परंतु निसर्गाने ही वाटणी विषम केलेली आहे. पहिल्या तीन वर्गांतच शेकडा नव्वदांहून अधिक ठसे येतात. त्यामुळे यंत्राने एकही चूक केली नाही असे मानले तरी, एका बोटाच्या वर्गावरून शोधताना सरासरीने साठ्याचा शेकडा तीसच्या आसपास भाग तपासावाच लागतो. गाल्टन यांच्या याद्या ज्या खडकावर आपटल्या तो हाच खडक. हक यांनी एका बोटाला दुबळे मानून दहा बोटांच्या मेळाला बळ दिले. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या एकट्या ठशाला मात्र हे बळ नाही. त्यासाठी निराळ्या पद्धती पुढे काढाव्या लागल्या, आणि यंत्रांचा खरा उपयोग झाला तो तेथे, रेषांचे फाटे व शेवट यांची स्थाने ताडून पाहण्यात.

हेन्री यांच्या विनंतीवरून १८९७ साली सरकारने समिती नेमली. भारताचे सर्व्हेअर जनरल चार्ल्स स्ट्रॅहन आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर हे तिचे सदस्य. मोजमापात मुरलेल्या या दोघांनी कार्यालयात जाऊन चिठ्ठ्या काढण्यास सांगितल्या, वेळ पाहिली, चुका होतात का ते तपासले. मार्चअखेर त्यांनी ठशांच्या बाजूने निःसंदिग्ध अभिप्राय दिला. उपकरणाचा खर्च नगण्य, ठाण्यात कौशल्याची गरज नाही, सारे कुशल काम एका मध्यवर्ती कचेरीत, आणि शोध जलद. १२ जून १८९७ रोजी गव्हर्नर जनरलांची मान्यता मिळाली आणि रायटर्स बिल्डिंगमधील मापांचे कार्यालय ठशांचे कार्यालय झाले. ठशांच्या वर्गवारीवर चालणारे असे कार्यालय इंग्लंडात त्या वेळी नव्हते. अर्जेंटिनात हुआन वुसेतिच यांनी काही वर्षे आधी स्वतंत्रपणे आपली पद्धती उभारली होती, हेही विसरू नये.

कसोटी लगेच आली. जलपैगुडीतील चहामळ्याच्या एका व्यवस्थापकाचा ऑगस्ट १८९७ मध्ये गळा चिरून खून झाला. पेटीतील ऐवज गेला होता. मागे राहिली होती एक बंगाली पंजिका आणि तिच्यावर पुसट तपकिरी डाग. त्यांतील एक ठसा कांगाली चरण या पूर्वी नोकर असलेल्या इसमाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. त्याला आधी चोरीची शिक्षा झालेली असल्याने त्याची चिठ्ठी कलकत्त्याच्या कपाटात होतीच. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले. खुनाबद्दल धरले नाही, कारण कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. हा निकाल अर्धवट वाटण्याजोगा आहे, पण त्यातील सावधपणा नंतरच्या कित्येक निकालांत आढळत नाही. ठसा सांगतो तो एवढेच की हा माणूस येथे होता. १८९९ साली पुरावा अधिनियमात दुरुस्ती होऊन ठशांबाबत तज्ज्ञाचे मत ग्राह्य झाले.

यानंतर पद्धती आणि तिचा कर्ता यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हेन्री यांनी १९०० साली ठशांच्या वर्गीकरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, लंडनमधील बेल्पर समितीपुढे साक्ष दिली, आणि १९०१ च्या जुलैमध्ये स्कॉटलंड यार्डात ठशांची शाखा सुरू झाली. १९०३ साली ते लंडन पोलिसांचे आयुक्त झाले. ग्रंथात हक यांच्या गणिताला पाने मिळाली, हक यांना श्रेय मिळाले नाही. आगगाडीच्या प्रवासात कागद जवळ नसल्याने साहेबांनी हे सूत्र एकाएकी सुचताच शर्टाच्या बाहीवर टिपून घेतले, अशी आख्यायिकाही पुढे पसरली. शोध लागतो तो बाहीवर. कपाटापुढे वर्षानुवर्षे चिठ्ठ्या लावणाऱ्याच्या बोटांवर नाही, ही कल्पना आख्यायिकांना मानवते.

कर्तृत्वाच्या या हस्तांतराला साहित्याच्या इतिहासात उलटे उदाहरण सापडते. नामदेवांच्या गाथेत पुढील काळात नामा ही मुद्रा लावणाऱ्या कवींच्या रचना मिसळल्या. तेथे धाकट्याने आपले पद थोराच्या पदरी आपखुशीने घातले आणि त्यात भक्तीचा आनंद होता. कचेरीत तसे नसते. तेथे टिपण खालून वर जाते आणि जाताना प्रत्येक सहीबरोबर खालचे नाव पुसट होते. हेन्री दुष्ट होते असे म्हणण्यास आधार नाही. प्रश्न ओळखला त्यांनी, माणूस शोधला त्यांनी, सरकारचे मन वळविले त्यांनी. या साऱ्याशिवाय हक यांचे कपाट एखाद्या खोलीत धूळ खात पडले असते. तथापि कपाट लावणारा वेगळा आणि कपाटाचे महत्त्व सांगणारा वेगळा, हा भेद त्यांनी पंचवीस वर्षे जगाला सांगितला नाही.

हेन्री लंडनला जाण्यापूर्वी १९०० साली दक्षिण आफ्रिकेत गेले होते. तेथे त्यांनी जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया येथील पोलीस व्यवस्था लावली आणि ठशांची पद्धतीही नेली. सहा वर्षांनी ट्रान्सव्हाल सरकारने आशियाई रहिवाशांनी नावे नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत असा वटहुकूम पुढे आणला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात भारतीयांनी तो न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा आरंभ तेथून मानतात. मोहनदास गांधी यांनी पुढे लिहिलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात हेन्री यांचे पुस्तक आपण वाचल्याचे नमूद केले आहे. कायद्याने बोटांचे ठसे घेतले जातात ते गुन्हेगारांचेच, असा बोध त्यांना त्यातून झाला आणि अपमानाची धार अधिक जाणवली. जानेवारी १९०८ च्या तडजोडीनंतर त्यांनी स्वतः ठसे देण्याचे ठरविले, तेव्हा १० फेब्रुवारी रोजी मीर आलम या पठाणाने त्यांना रस्त्यात मारहाण केली. सक्तीने ठसा देणे आणि स्वखुशीने देणे यांत फरक आहे, हे गांधींचे म्हणणे त्या रागावलेल्या माणसाला पटले नव्हते. कलकत्त्यातील एका हिंदी माणसाने केलेले गणित दुसऱ्या हिंदी माणसांच्या मानहानीचे हत्यार झाले होते, आणि या वादात त्या गणितज्ञाचे नाव कोणाच्याच कानी पडले नव्हते.

स्वदेशातही हे कपाट निरुपद्रवी राहिले नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदविलेल्या जमातींतील लोकांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा केला म्हणून नव्हे, विशिष्ट जातीत जन्मले म्हणून. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांआड ज्या पिढ्या वाढल्या त्यांची नावे हजेरीच्या वहीत होती. त्यांची ती ‘जन्मजात’ गुन्हेगारी १९५२ साली कायद्याच्या पुस्तकातून गेली. मराठी मुलखात ठशांचा दुसरा अध्याय २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी सुरू झाला, जेथे आधारचे पहिले क्रमांक दिले गेले. यंत्रणेचे तांत्रिक केंद्र बंगळुरास उभे राहिले. तेथील शोध आता कोट्यवधी नोंदींतून घेतला जातो आणि खणांची जागा संगणकाने घेतली आहे. पण ज्याच्या तळहातावरच्या रेषा ऊस तोडून वा दगड फोडून झिजल्या आहेत, त्याला रेशनच्या दुकानी यंत्र ओळखीत नाही, ही अडचण हक यांच्या काळी ठाण्यातील शिपायालाही परिचयाची असली पाहिजे.

हक यांची पुढील नोकरी शांतपणे गेली. १९१२ साली बिहार व ओरिसा हा प्रांत बंगालपासून वेगळा झाला, तेव्हा त्यांनी बिहारच्या सेवेत जाणे पसंत केले. १९१३ मध्ये खानसाहेब आणि १९२४ मध्ये खानबहादुर हे किताब त्यांना मिळाले. किताब हे एकनिष्ठ सेवेचे असतात, शोधाचे नव्हेत, आणि हक यांना ते पुरेसे वाटले नसावेत. त्यांच्या कार्याची योग्य दखल घेतली गेली नसल्याची चर्चा १९२५ च्या सुमारास वृत्तपत्रांतही आली. त्याच वर्षी बिहार-ओरिसा सरकारने त्यांना मानधन द्यावे अशी शिफारस केंद्राकडे केली. प्रकरण लंडनपर्यंत गेले आणि निवृत्त हेन्री यांचे मत मागविण्यात आले.

मे १९२६ मध्ये हेन्री यांनी इंडिया ऑफिसला कळविले की, वर्गीकरणाची पद्धती पूर्णत्वास नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सर्वांत अधिक वाटा हक यांचा होता आणि तो ठळक होता. वाक्य मोजून लिहिलेले आहे. त्यात सूत्राचा कर्ता कोण हे स्पष्ट सांगितलेले नाही, आणि ते नाकारलेलेही नाही. १९३० साली त्यांनी हेमचंद्र बोस यांच्यासाठीही असेच पत्र दिले. पुढच्याच वर्षी ते वारले. हक यांना पाच हजार रुपये मिळाले आणि मोतिहारीत जहागीर. पाच हजार ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. परंतु जी पद्धती तोवर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली होती, जिच्यावर अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेने १९२४ मध्ये आपला राष्ट्रीय संग्रह उभारला, तिच्या मानाने ती कचेरीच्या किरकोळ खर्चात बसणारी होती.

मोतिहारी हे चंपारण जिल्ह्याचे ठाणे. एप्रिल १९१७ मध्ये निळीच्या शेतकऱ्यांची चौकशी करण्यास आलेले गांधी येथल्याच न्यायालयात उभे राहिले. ज्या पुस्तकाने ट्रान्सव्हालमध्ये त्यांना विचारात पाडले त्यातील गणित करणारा माणूस त्याच गावी वृद्धापकाळी येऊन स्थायिक झाला. (पहाऱ्याखालच्या समाजाची सर्वांत भेदक कादंबरी लिहिणारे जॉर्ज ऑरवेल हेही १९०३ साली याच गावी जन्मले. योगायोगाला अर्थ चिकटविण्याचा मोह येथे आवरलेला बरा.) हक यांचे घर ‘अझीझ मंझिल’ या नावाने ओळखले जाई. १९३५ साली त्यांचे निधन झाले आणि घराच्या आवारातच त्यांचे दफन झाले.

फाळणीनंतर कुटुंबातील बहुतेक जण सीमेपलीकडे गेले. पुढील पिढ्या बांगलादेश, पाकिस्तान, इंग्लंड आणि त्याहूनही दूर पांगल्या. कबर मोतिहारीत राहिली. इंग्लंडमधील ठसे-तज्ज्ञांच्या संस्थेने नंतर हक आणि बोस या दोघांच्या नावे संशोधनासाठी पुरस्कार ठेवला. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व राज्यांचे ठसे एकत्र आणणारी स्वयंचलित राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली, तीत नोंदलेल्या प्रत्येक इसमाला दहा अंकी क्रमांक मिळतो. तिच्या आधी शंभर वर्षे ज्या चिठ्ठ्या हाताने लावल्या गेल्या, त्यांच्या कोपऱ्यात अंश आणि छेद लिहिलेले असत. आणि तज्ज्ञांच्या परीक्षेसाठी विद्यार्थी अजूनही १६, ८, ४, २, १ ही बेरीज हेन्री यांच्या नावाने शिकतात.